सगळं तुझ्याच ताटात का?

"ताई, माझं वय ३१. कराडजवळच्या गावात राहते, शाळेत शिकवते. लग्नाला चार वर्षं झाली, गेली अडीच वर्षं आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. माझी पाळी पहिल्यापासून ४०-४५ दिवसांनी येते. सासूबाई जीव लावतात, पण रोज काही ना काही खायला घालतात. सकाळी उपाशीपोटी दुधातून शतावरी कल्प आणि डिंकाचा लाडू, संध्याकाळी पुन्हा लाडू, मध्ये अळिवाची खीर. पाळी झाली की एका वैदूकडून आणलेलं शिवलिंगीचं बी आणि कसलीशी भुकटी, तीही जिच्या पोटचा गोऱ्हा आहे अशाच गाईच्या दुधातून. पपई, अननस, तीळ बंद. मोबाइलवर बघून मीही त्यांच्या नकळत पंधरा दिवस भोपळ्याच्या बिया आणि जवस, पंधरा दिवस सूर्यफुलाच्या बिया आणि तीळ खाते. वर्षात वजन सात किलोनं वाढलं. गेल्या दिवाळीत पाळी दहा दिवस लांबली, आशा वाटली, आणि मग अंगावरून खूप गेलं. आदल्या आठवड्यात शाळेत मी पपईच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या. चुलत सासूबाई म्हणाल्या, पपईनंच घात केला. ते डोक्यातून जात नाही. ह्यांची तपासणी झालेली नाही. म्हणतात, मला काय झालंय? या खाण्यानं खरंच दिवस जातात का? आणि नको असेल तर सासूबाईंना न दुखावता कसं सांगू?"

तू मला ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी पपईचं बोलू, कारण तुझ्या पत्रातलं तेच वाक्य मला सगळ्यात जड वाटलं. त्या दोन फोडींनी काहीही झालेलं नाही. पपईची भीती आली ती कच्च्या फळाच्या चिकावरून. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो चीक गर्भाशयाचं आकुंचन घडवतो असं दिसलं आहे, म्हणून गरोदर बाईनं कच्ची पपई टाळावी हे ठीकच आहे. फळ पूर्ण पिकलं की त्यात तो चीक जवळजवळ उरत नाही. तुझी पाळी मुळातच ४५ दिवसांपर्यंत जाते, तेव्हा दिवाळीत ती नुसती लांबलेली असू शकते. पाळी लांबली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि मग रक्तस्रावही जास्त होतो. आणि समजा, दिवस गेलेच होते. तरी पहिल्या काही आठवड्यांत गर्भ न टिकण्याचं सगळ्यात मोठं कारण गुणसूत्रांतला दोष हे असतं. तो बहुतेक वेळा अंडं किंवा गर्भ तयार होतानाच पडतो, नंतर खाल्लेल्या फळानं पडत नाही. दिवस गेल्याचं कळलेल्या दहा बायकांमध्ये एखाद-दुसरीच्या वाट्याला हे येतंच. पुढच्या वेळी पाळी लांबली तर घरीच कार्डावर लघवीची तपासणी कर, म्हणजे काय झालं ते तुला नक्की कळेल आणि दुसऱ्या कुणाला त्याचा अर्थ लावत बसावं लागणार नाही.

आता लाडू, खीर आणि कल्प. तुझ्या ताटात आलेले हे जिन्नस नीट बघ. डिंक, अळीव, खारीक, सुकं खोबरं, शतावरी हे सगळं आपल्याकडे बाळंतिणीचं खाणं आहे. प्रसूतीनंतर झीज भरून यावी, अंगावर दूध यावं म्हणून. अळीव तर गरोदरपणात देऊ नये असं जुन्या बायकाच सांगतात. हे खाणं बाळंतपणाच्या आधी, दिवस जावेत म्हणून कधीपासून द्यायला लागले कोण जाणे, पण त्यामागचं शहाणपण मला समजतं. दुष्काळी गावांत, उन्हातान्हात राबणाऱ्या, घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बायका हाडं दिसेपर्यंत वाळलेल्या असायच्या. अंगात चरबी फारच कमी झाली की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, अंडं तयार होत नाही, पाळीही जाते. अशा बाईला तूप-गुळाचे लाडू खायला घातले, तिचं अंग भरलं आणि तिला दिवस गेले, हे नक्कीच घडलं असणार. बघणाऱ्यांनी श्रेय डिंकाला दिलं, पण काम पोटभर अन्नानं केलं होतं.

तुझी अडचण याच्या नेमकी उलट आहे असं मला वाटतं. पाळी ४०-४५ दिवसांनी येणं आणि वजन भराभर वाढणं, ही दोन लक्षणं पीसीओडीकडे बोट दाखवतात. थायरॉइडही असू शकतो. तपासल्याशिवाय काहीच ठरवायचं नाही, पण ही शक्यता असताना रोज दोन डिंकाचे लाडू खाणं बरोबर नाही. तूप, गूळ, खोबरं घातलेल्या एका मध्यम लाडवातून साधारण २०० कॅलरी मिळतात. दोन लाडू म्हणजे चार पोळ्यांइतकं खाणं, तेही जेवणाव्यतिरिक्त. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शतावरी कल्पांत साखरच जास्त असते. पीसीओडीत शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे इन्शुलिन वाढतं, अंडाशयात पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात आणि अंडं वेळेवर फुटत नाही. म्हणजे जे तुला दिवस जावेत म्हणून भरवलं जातंय, तेच तुझी पाळी आणखी लांबवत असण्याची शक्यता आहे. दिलासा देणारी गोष्ट अशी की पीसीओडीत वजन जास्त असेल तर ते थोडं उतरलं तरी फरक पडतो. ६५ किलोच्या बाईचे तीन-चार किलो कमी झाले तरी अनेकींची पाळी नियमित व्हायला लागते.

बियांच्या त्या पंधरवड्यांबद्दल. जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया चांगल्याच आहेत, खा. पण अमुक पंधरवड्यात अमुक बी खाल्लं की संप्रेरकं जागेवर येतात, याला भरवशाचा आधार नाही. जवसाची, तिळाची चटणी तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाकरीबरोबर खातात. तशीच उघडपणे खा. तिळानं किंवा अननसाच्या फोडीनं दिवस जायचे अडत नाहीत.

शिवलिंगी आणि भुकटी मात्र आजच बंद कर. इथे मी जराही मऊ बोलणार नाही. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, मात्रा वैदूच्या चिमटीवर. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिशाचं प्रमाण धोकादायक सापडलं होतं. त्यांनी भारतातून आलेली अशीच औषधं घेतली होती, काहींनी तर दिवस जावेत म्हणूनच. शिसं हाडांत साठतं आणि पुढे गरोदरपणात बाळापर्यंत पोहोचतं. हरियाणात मुलगा व्हावा म्हणून देतात त्या औषधांवर संशोधकांनी काम केलं आहे. त्यांत अनेकदा शिवलिंगी असते, आणि ही औषधं घेतलेल्या बायकांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगाचा धोका जास्त असल्याचं त्यांना आढळलं. भुकटी तू किती महिने घेतली आहेस ते डॉक्टरांना सांग आणि रक्तातलं शिसं तपासायचं का, असं स्वतःहून विचार. घाबरून जाऊ नकोस, पण लपवूही नकोस.

गोऱ्हा असलेल्या गाईचं दूध कशासाठी, ते तुलाही कळलं असेल. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं, आणि ते गर्भ राहतो त्याच क्षणी ठरून जातं. त्यानंतर कोणतंही बी, कोणतंही दूध ते बदलू शकत नाही. मुलगाच होईल असं औषध देतो म्हणणारा माणूस १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात अडकू शकतो. बाईचं वंध्यत्व बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायलाही १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तुला आयुर्वेदावर विश्वास असेल तर पदवी घेतलेल्या वैद्यांकडे जा, त्यांनी दिलेल्या औषधाच्या बाटलीवर नाव आणि घटक बघ, आणि ते घेतेस हे स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सांग.

आयुर्वेदाचा विषय निघालाच आहे, तर तुझ्या घरात सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. सुश्रुतसंहितेत गर्भ राहायला चार गोष्टी लागतात असं म्हटलं आहे: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. हंगाम, जमीन, पाणी, बियाणं. या चारही गोष्टी जुळल्या तर जसा अंकुर फुटतो, तसा गर्भ राहतो. शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. तुमच्या घरात गेली अडीच वर्षं एकाच जमिनीला खत-पाणी चाललंय. बियाणं कुणी तपासलं नाही, हंगामही कुणी मोजला नाही. चरकसंहितेतला वाजीकरणाचा अध्यायही पुरुषासाठीच आहे. दूध, तूप, उडीद, साठेसाळीचा भात हे सगळं तिथे नवऱ्याच्या ताटात वाढलेलं आहे.

तुझे मिस्टर विचारतात, मला काय झालंय? कदाचित काहीच नसेल. पण मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडची अडचण असते, कुठे ती एकटी तर कुठे बाईच्या अडचणीच्या जोडीला. शरीरसंबंध व्यवस्थित आहेत, तब्येत दणकट आहे, यावरून शुक्राणूंची संख्या कळत नाही. त्यासाठी एकच साधी तपासणी आहे, ना सुई ना भूल. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा. घरी घेतला तर तासाभरात लॅबमध्ये पोहोचवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यातले ४२ टक्के हालचाल करणारे, ही खालची मर्यादा धरली आहे. आकडा त्याखाली आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात, एका रिपोर्टवर कुणी निकाल लावत नाही. अशा तपासणीत वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांसारखी, उपचार करता येण्याजोगी कारणंही सापडतात. तंबाखू, गुटखा, सिगारेट असेल तर ती सोडायला हवी. व्यायामशाळेत कुणी अंग भरण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल, तर त्यानं शुक्राणू तयार व्हायचेच थांबतात, हे फार थोड्या तरुणांना माहीत असतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून आज सोडलेल्या तंबाखूचा फायदा तीन महिन्यांनी दिसतो. तेव्हा हे काम पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

हंगामाचं गणितही तुझ्या बाबतीत चुकत असणार. 'चौदाव्या दिवशी' हे सगळ्यांच्या तोंडी असतं, पण ते २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं गणित आहे. अंडं फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. तुझी पाळी ४२ दिवसांनी येत असेल तर तो दिवस २८ व्या दिवसाच्या आसपास पडतो. अंडं फुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र शरीरात पाचेक दिवस जगू शकतात. म्हणजे तुम्ही चौदावा दिवस धरून प्रयत्न करत असाल तर तुझं अंडं यायला अजून दोन आठवडे होते. पाळी पुढेमागे होत असताना एका तारखेवर विसंबण्यापेक्षा विसाव्या दिवसापासून पुढचे दोन आठवडे दिवसाआड संबंध ठेवणं बरं. काही महिन्यांत अंडंच फुटत नसेल, तर ते सोनोग्राफीत कळेल.

एक वर्ष प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर तपासणी करायची, बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच, असा नियम आहे. तुमची अडीच वर्षं झाली. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संप्रेरकांच्या तपासण्या, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन आणि एक सोनोग्राफी इथून सुरुवात होते. गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला पाळी थांबल्यावर एचएसजी नावाची एक्स-रे तपासणी करतात. ती टाळू नकोस, कारण आपल्या देशात गर्भाशयाच्या आणि नळ्यांच्या क्षयामुळे नळ्या बंद झाल्याचं पुष्कळदा आढळतं आणि त्यावर कोणत्याच खाण्याचा उपाय चालत नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या खर्चाची धास्ती घेऊन लोक दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. अंडं न फुटणं एवढीच अडचण असेल तर अनेकींचं काम लेट्रोझोलच्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी होतं. रुबेलाची लस झाली आहे का तेही विचार. नसेल तर ती आधी घेऊन महिनाभर थांबायचं असतं.

मग खायचं काय? कोणताही एक पदार्थ खाऊन दिवस जात नाहीत, पण दिवस जाण्याआधी तुझं शरीर भरलेलं असणं बाळासाठी फार मोलाचं आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून एक मोठा अभ्यास झाला. बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून रोज पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. तो अभ्यास दिवस जाण्याविषयीचा नव्हता, पण पालेभाज्यांचा खाऊ खाणाऱ्यांमध्ये गरोदरपणातला मधुमेह कमी आढळला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास करत आले आहेत. त्यात दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी निघालं. तुम्ही शाकाहारी असाल तर ते तपासून घेच.

रोजच्या ताटात ज्वारीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ किंवा डाळ, मेथी, शेपू, अंबाडी अशी एक पालेभाजी, वर लिंबू पिळून, म्हणजे लोह अंगी लागतं. दही किंवा ताक, मूठभर शेंगदाणे, चालत असतील तर अंडी. जेवणावर लगेच चहा नको, लोह वाया जातं. फळ हवं ते खा, पिकलेली पपईसुद्धा. शाळेतून घरी चालत ये, किंवा संध्याकाळी अर्धा तास भरभर चाल. आणि उडीद घरात येऊ देच. तुमच्या भागातल्या उडदाच्या घुट्यासारखा पदार्थ नाही. आलं-लसूण-मिरचीची फोडणी दिलेलं घुटं आणि बाजरीची भाकरी, दोघांनी मिळून खा.

आता सासूबाई. त्या तुला त्रास देतात असं तुझ्या पत्रात कुठेच नाही. त्यांच्या हातात जे आहे ते त्या करतायत. म्हणून नकार तू द्यायचाच नाहीस, तो मिस्टरांनी द्यायचा. पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर त्यांनी आईंना सांगावं, "आई, डॉक्टरांनी आमच्या दोघांच्या तपासण्या सांगितल्यात. रिपोर्ट येऊन औषध ठरेपर्यंत बाकी सगळं बंद ठेवायचंय, वैदूचंही." 'दोघांच्या' हा शब्द त्यांच्या तोंडून यायला हवा, कारण तो निघाला की चुलत सासूबाईंनाही तुझ्याच ताटात बघत बसायचं कारण उरत नाही. जमलं तर दुसऱ्या खेपेला सासूबाईंना बरोबर ने. वजनाबद्दल आणि लाडवांबद्दल डॉक्टर जे सांगतील ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं तर तुला पुन्हा सांगावं लागणार नाही. आणि त्यांचे हात रिकामे ठेवू नकोस. पालेभाजी निवडण्यापासून घुट्याच्या फोडणीपर्यंत कितीतरी कामं आहेत, त्यांना मायेनं करू दे. डिंकाचा लाडू थंडीत कधीतरी अर्धा खाल्लास, घरातल्या सगळ्यांबरोबर, तर बिघडत नाही.

मिस्टर तपासणीला तयार झाले नाहीत, तर हे पत्र त्यांच्यासमोर ठेव. तरीही ऐकलं नाही तर तुझ्या तपासण्या मात्र त्यांच्यासाठी थांबवू नकोस, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांग की नवऱ्याची तपासणी व्हायची आहे. खोलीत बोलावून दोन मिनिटं समजावणं डॉक्टरांना तुझ्यापेक्षा सोपं जातं. सातारच्या जिल्हा रुग्णालयात किंवा कराडच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून सुरुवात करता येईल. फोलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र या आठवड्यातच सुरू कर. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी दिवस गेल्यावर चार आठवड्यांत बंद होते, बऱ्याचदा पाळी चुकल्याचं नीट ध्यानात यायच्या आतच.